आठव्या खोलीचं दार

विहारामागे राहायच्या आठ खोल्या बांधायच्या ठरल्या तेव्हा नियम एकच होता: ज्याच्याकडे जे असेल ते त्याने द्यावं. कुणी विटा दिल्या, कुणी खिडक्या, एका गवंड्याने आपले पंधरा दिवस दिले. मी घराचं दार दिलं. घर विकलं होतं, नवा मालक लोखंडी दार बसवणार होता, आणि आठव्या खोलीत मीच राहायला जाणार होते.

"दादा आला तर दार शोधत फिरेल हं, वहिनी," नणंद म्हणाली. हसली, पण डोळे पुसत. तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, एकोणीस वर्षांपूर्वी गेला तो गेलाच. दार उघडं होतं, तो आलाच नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले.

तो आला होता. दोनदा पटपट आणि मग थांबून एकदा, अशी त्याची थाप. आमचं भांडण झालेलं. मी कडी काढली नाही. आतूनच म्हणाले, "सकाळी बघू." सकाळी बाहेर कुणी नव्हतं.

मी रोज पहाटे पाच शीलं घेते. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे माझा आवाज जरा खाली जातो, इतकंच.

सुताराने दार उलटं बसवलं. घरात आत असलेली कडी आता बाहेर, व्हरांड्यात आली.

"अहो ताई, चौकट आधीच बसली होती. सरळ लावलं की भिंतीला धडकतंय," तो म्हणाला. "आणि चोरायला आहे काय आत? एक चटई आणि तुम्ही!"

दानाच्या वस्तूत खोट काढू नये.

चुना वाळेपर्यंत मांजर शिरू नये म्हणून मी बाहेरून कडी लावत असे. तिसऱ्या दिवशी, दुपारचं जेवण आटोपून विहार शांत झाल्यावर, मी व्हरांडा झाडत होते. आठव्या खोलीतून थाप आली. आतून. दोनदा पटपट, मग थांबून एकदा.

कडी काढली. ओल्या चुन्याचा वास, गजांच्या सावल्या, कोरी फरशी. कुणी नाही.

"लाकूड बोलतं हो," सुतार म्हणाला. "नव्या जागी रुळायला वेळ लागतो. सासरी आलेल्या सुनेसारखं."

चौथ्या दिवशी तसंच. पाचव्याही. दाराची उन्हापावसाने विटलेली बाजू आता आत होती. तिच्यावर, खांद्याच्या उंचीवर, एक घासलेली जागा होती. मी हात लावला. लाकूड कोमट होतं.

सहाव्या दिवशी नणंद माझ्यासाठी गादी घेऊन आली. आम्ही दोघी व्हरांड्यात होतो तेव्हाच थाप आली. तिच्या हातातून गादी सुटली.

"हा दादाचा हात आहे," ती म्हणाली.

"लाकूड आहे ते."

"वहिनी, त्या रात्री दार उघडं होतं ना?"

"होतं," मी म्हणाले.

ती मागे सरत सरत व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बसली. मी कडी काढून आत गेले. खोली रिकामीच.

मागे दार लोटलं गेलं. कडी पडली.

मी ढकलून पाहिलं. नणंदेला हाक मारली. मग ठोठावलं. दोनदा पटपट, थांबून एकदा. हाताला तशीच सवय असल्यासारखं.

बाहेरून, दाराला अगदी लागून, कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "सकाळी बघू."

आवाज माझा होता.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. कडी निघाली. दारात नणंद उभी होती, ओठ पांढरे पडलेले.

"मी तिथून हललेसुद्धा नव्हते," ती म्हणाली. "कडी कुणी लावली, देव जाणे." तिने माझ्या खांद्यावरून रिकाम्या खोलीत पाहिलं.

"पण वहिनी, आतून तुम्ही 'सकाळी बघू' असं कुणाला म्हणालात?"