ती कवडी मेलीय

घड्याळजींनी दुकान बंद केलं, पण डोळ्याचं भिंग काही सुटलं नाही. घड्याळं गेली आणि कवड्या आल्या. देशोदेशींच्या बंदरांतून कापसात गुंडाळलेले डबे टपालानं यायचे. कुठली ठिपक्याठिपक्यांची, कुठली पिवळीधमक, कुठली अंड्यासारखी पांढरी. पुढच्या खोलीतलं अख्खं कपाट भरलं. बायको त्या कपाटाला सवत म्हणायची. "जा, बसा तिच्यापाशी. वाट बघत असेल बिचारी!"

माणूस भला हो, पण एकदा भिंग लावलं की घराला आग लागली तरी कळायचं नाही.

आता कवडीची चमक म्हणजे काही रंगरोगण नव्हे. आतला जीव आपलं मऊ, ओलं अंग दोन्ही बाजूंनी वर ओढून घेतो आणि ते कवडीवर पांघरून बसतो. रोजच्या त्या पांघरण्यानं ती लखलखते. जीव गेला, कवडी उन्हात पडून राहिली, की फिकी पडते ती कायमची. छंदवाले तिला 'मेली' म्हणतात आणि खणात ठेवत नाहीत.

या एका शब्दानं घात केला. बायको दोन महिने आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. एका दुपारी छंदातल्या मित्रानं नव्या डब्यातल्या कवडीची चौकशी करायला फोन केला. घड्याळजींना कमी ऐकू यायचं, म्हणून ते फोनवर ओरडूनच बोलायचे.

"ती ना? मेलीय हो! चमक सगळी गेलीय. उद्या देतो टाकून!"

फोन ठेवून ते आत गेले, तर बायकोनं भिंतीकडे तोंड केलेलं.

"झोपलीस का गं?"

संध्याकाळी ती गेली.

तिनं ऐकलं असेल का? हे विचारायचं कुणाला? मुलगा लांब, फोनवर "बाबा, जेवलात ना?" यापुढे त्याची गाडी जात नसे. घड्याळजी "हो रे" म्हणत आणि उभ्या उभ्या पातेल्यातच जेवत. घर खायला उठायचं. ती फिकी कवडी टाकायचा मात्र त्यांना धीर होईना. बायकोच्या पलंगाजवळच्या खिडकीत त्यांनी ती ठेवली, ती तशीच पडून होती.

तिसऱ्या आठवड्यात ती चमकायला लागली.

आधी कडेला, मग पाठीवर. रोज दुपारी थोडी जास्त. घड्याळजींनी भिंग लावलं. धूळ नव्हे, तेल नव्हे. बोटं ओली झाली, आणि खोलीत खारट, कोंदट वास... भरतीच्या पाण्याचा.

ते पलंगावर बसले. कवडी ओंजळीत धरली. ती कोमट होती.

"तुझ्याबद्दल नव्हतो गं बोलत..." एवढं म्हणून ते लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी कवडी पुन्हा फिकी पडली होती. घड्याळजींना हायसं वाटलं. चला, राग गेला म्हणायचा! त्या दिवसापासून ते तिच्याच पलंगावर दुपारी झोपू लागले. झोप अशी लागायची की जणू कुणी हलक्या हातानं मायेचं पांघरूण घालावं. जागे होत तेव्हा अंगावर काही नसे, पण गाल ओलसर लागत. घामच असेल, दुसरं काय.

आठवड्यानं ते सलूनमध्ये गेले.

"काका, काय तेज आलंय तोंडावर! काय लावता?"

"दुपारची झोप! दुसरं काय."

सलूनवाल्यानं हसत साबण लावला, वस्तरा फिरवला. थांबला. पुन्हा फिरवला. मग साबण पुसून गालाला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"काका... दाढी वाढलेलीच नाहीये. वस्तरा नुसता घसरतोय."

घड्याळजींनी आरशात पाहिलं. कपाळावर एक सुरकुती नव्हती. खिडकीतलं ऊन गालावर लख्ख उतरलं होतं.

"घरी... कोण असतं हो तुमच्याकडे?" सलूनवाल्यानं हळूच विचारलं.

घड्याळजींनी गालावरून हात फिरवला.

"बायको," ते म्हणाले. "तिनं ऐकलं होतं रे सगळं. पण तिनं मला टाकलेलं नाही."

आणि दुपार व्हायला आली म्हणून ते घाईघाईनं उठले.

ते गेल्यावर सलूनवाल्यानं खुर्ची पुसली. पुन्हा पुसली. संध्याकाळी दुकान बंद करतानाही ती ओलीच होती.