राहून गेलेली पिन

सिग्नल लाल होता. मी स्कूटरवर पाय टेकून उभी होते, आणि मागून कोणीतरी मला हळूच ढकललं.

धडक नव्हती ती. म्हशीनं नाक लावावं तसं काहीतरी. वळून पाहिलं तर सायीच्या रंगाची, माझ्यापेक्षा वयानं मोठी असलेली गाडी उतारावरून माझ्या मागच्या चाकाला येऊन टेकली होती. आत एक माणूस दोन्ही हातांनी स्टीअरिंग आवळून बसलेला. चेहरा पांढराफटक.

"ब्रेक दाबलेलाच आहे," तो खिडकीतून म्हणाला. "खरं सांगतो. पाय अजून ब्रेकवरच आहे."

"हँडब्रेक ओढा."

त्यानं ओढला. गाडी थांबली. मी उतरून त्याच्याजवळ गेले.

"पेडल आधी कडक लागतं आणि मग हळूहळू खाली जातं?"

"हो... खालून कोणी ओढून घेतल्यासारखं."

"ब्रेक ऑइल कमी होतंय?"

"थेंबभरही नाही. रोज बघतो. भीतीच वाटते मला हिची."

"मग गळती आतल्या आत आहे. मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय. आता ही चालवायची नाही, ढकलत न्यायची. पलीकडच्या गल्लीत माझ्या मामांचं गॅरेज आहे. गाड्या मी उघडते."

"मी दातांचा डॉक्टर," तो घाईघाईनं म्हणाला, जणू मी विचारलंच होतं. "तोंडं उघडतो."

मला हसू आलं, आणि त्याच क्षणी माझी डावीकडची दाढ ठणकली. दोन महिने मी ती लपवून ठेवली होती. बॉनेटखाली कोपरापर्यंत हात घालणारी मी, पण दातांच्या दवाखान्याची पाटी दिसली तरी रस्ता बदलायचे.

मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि कानांनी काम तपासत. त्या दिवशी मी सिलिंडर उघडला, फाटलेलं रबर काढून डॉक्टरांच्या तळहातावर ठेवलं. तो काळा, चिरलेला तुकडा ते बराच वेळ बघत राहिले.

"एवढ्याशा गोष्टीवर मी आठवड्यातून एकदा घाट चढतो?"

"घाट कशाला?"

दर गुरुवारी ते वरच्या गावात जात. तिथे दुसरा दातांचा डॉक्टर नव्हता. तीस किलोमीटर वळणं, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला... ते सांगता सांगता थांबले. मीही विचारलं नाही.

रबराचा संच बदलला, नळ्यांमधली हवा काढली. त्यांनी पेडल दाबून धरलं आणि मनातल्या मनात शंभरपर्यंत मोजलं. पेडल जागचं हललं नाही. तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

त्यानंतर ते वरचेवर येऊ लागले. एकदा गाडी तापायची, तेव्हा थर्मोस्टॅट अडकलेला निघाला. एकदा सकाळी सुरू व्हायची नाही, तर बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी साचलेली होती. मी गरम पाण्यानं ती धुतली आणि पाच मिनिटांत गाडी सुरू झाली.

"आवाज कधी येतो? गार असताना की तापल्यावर?" असंच एकदा मी विचारलं.

ते हसले. "हा प्रश्न माझा आहे, मेकॅनिकबाई. मी विचारतो, गारानं दुखतं की गरमानं?"

"मग पेशंट काय सांगतात?"

"खोटं सांगतात. तुमच्यासारखंच." त्यांनी माझ्या हातातल्या चहाच्या कपाकडे बोट केलं. "मी यायला लागल्यापासून बघतोय, उजवीकडूनच पिताय. डावीकडची खालची दाढ. हो ना?"

मी कप खाली ठेवला. "काही नाही झालेलं तिला."

"गाडी अशी म्हणाली असती तर सोडलं असतं तिला?"

मामा दारातून म्हणाले, "घेऊन जा तिला, डॉक्टर. धरून, बांधून, कशीही न्या."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दवाखान्यातल्या त्या खुर्चीत बसले. वर दिवा, शेजारी हत्यारांची ताटली... ओळखीची वाटावीत अशी हत्यारं, फक्त माझ्यासाठी काढलेली. मी डोळे मिटून घेतले.

"मिटू नका," ते म्हणाले. "मी काय करतोय ते आधी सांगेन, मगच करेन. नको वाटलं की डावा हात वर करा. मी थांबेन."

मी सात वेळा हात वर केला. ते सातही वेळा थांबले. एकदाही उसासा टाकला नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. आठव्यांदा मी हात वर केला तो दुखलं म्हणून नव्हता. थांबतात का ते पाहायचं होतं. थांबले. मास्कच्या वर त्यांचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते हसत होते.

घरी येताना अर्धं तोंड बधिर होतं, पण बाकी सगळं भलतंच जागं झालं होतं.

पुढचा गुरुवार. सकाळी आठला ते आले. "उजवीकडून टक्क असा आवाज येतोय, वळताना. आणि स्टीअरिंग जरा सैल वाटतंय. आज जायलाच हवं वर, पाच पेशंट आहेत. जमेल?"

गाडी उचलली. चाक हातानं हलवलं, आवाज सापडला. स्टीअरिंग आणि चाक यांना जोडणारा सांधा झिजला होता. तो गेला तर तुम्ही स्टीअरिंग कुठेही वळवा, गाडी तिला हवं तिकडे जाते. नवा सांधा होता गॅरेजमध्ये. जुना काढला, नवा बसवला, नट फिरवला. त्या नटाला खाचा असतात. घट्ट आवळायचा आणि खाचेतून आरपार एक पिन घालून तिची टोकं वाकवायची, म्हणजे तो कधीच सुटत नाही. दहा वर्षांची असल्यापासून मला हे माहीत होतं.

डॉक्टर टॉर्च धरून माझ्याशेजारी उकिडवे बसले होते. उजेड नटावर पाडायचा होता. तो माझ्या हातावर पडत होता, मग मनगटावर, मग... मी वर पाहिलं.

"उजेड कुठे पाडताय?"

"चुकलं," ते म्हणाले, पण टॉर्च हलला नाही. "तुमच्या गालावर ग्रीस लागलंय."

"लागू दे. दाढ नाही ती."

"मग माझ्या अखत्यारीत येत नाही," असं म्हणत त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि माझ्या हातात ठेवला. बोटांना बोटं लागली.  मग ते घड्याळ बघून गडबडले, मी गडबडले, चाक चढवलं, गाडी खाली घेतली. ते गेले. गल्लीच्या टोकाला वळताना त्यांनी हात केला तो मला पाठमोऱ्या गाडीतही दिसला.

तासाभरानं मी फरशी आवरायला घेतली. तेलकट फडकं उचललं, आणि त्याखाली ताटलीत ती पिन. नवी कोरी, सरळ, कुठेही न वाकलेली.

 पिन राहिली होती. आणि नट? पाना लावून शेवटचा आवळला होता का? आठवेना. रुमाल आठवत होता, बोटं आठवत होती... पाना आठवत नव्हता.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

"मामा," मी म्हटलं आणि नुसती पिन त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती बोटांनी चाचपली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"गॅरेजच्या व्हॅनची किल्ली खिळ्याला आहे," ते म्हणाले. "जॅक, पाना घे. पोरी, हळू चालव. जा."

हळू कुठून चालवणार. घाट लागला तसं धुकं उतरलं. दहा हातांपलीकडचं दिसेना. दर वळणाला वाटायचं, आता दिसेल, सायीच्या रंगाची, वाकडी होऊन पडलेली. धुकंही सायीच्याच रंगाचं. डोळे फसत होते. नवस बोलायचा तर कुणाला, काय बोलायचं... मी नुसतं "नको, नको" म्हणत होते.

अर्ध्या वाटेवर कठडा तुटलेला दिसला. दगड ढासळलेले, रस्त्यावर काचेचे तुकडे. व्हॅन कशी थांबवली आठवत नाही. काठाशी जाऊन वाकले. खाली पांढरं, नुसतं पांढरं. मी हाक मारली. "डॉक्टर..." आवाज धुक्यात विरून गेला. पुन्हा मारली.

"बाई, मागं व्हा," पाठीमागून कोणीतरी म्हणालं. रस्त्याच्या कामावरचा एक म्हातारा माणूस होता, हातात फावडं. "तो कठडा पावसाळ्यातच तुटलाय. ट्रक गेला होता."

"आज... आज सकाळी एक जुनी गाडी गेली का वर? फिकट रंगाची?"

"धुक्यात काय दिसतंय बाई. गाड्या जातातच."

मी गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिले, श्वास घेतला, आणि पुन्हा गाडीत बसले. या वेळी खरंच हळू चालवली. 

वरच्या गावात दवाखाना शोधावा लागला नाही. एका बैठ्या घरासमोर ती गाडी उभी होती. सरळ, शांत. मी व्हॅनमध्ये बसून रडले, दोन मिनिटं असतील. मग जॅक लावला आणि गाडीखाली गेले.

नट शेवटच्या दोन आट्यांवर लटकत होता. पाना लागलाच नाही, एका बोटानं फिरला. येताना चढ होता, गाडी हळू चालली असेल. परतीला उतार होता.

मी तशीच पडून राहिले. मनात एक सोपी गोष्ट आली, ती इथे लपवत नाही. नट आवळायचा, पिन घालायची, निघून जायचं. कोणाला कळणार होतं?

"मेकॅनिकबाई?"

गाडीशेजारी दोन बूट होते. मी बाहेर सरकले. डॉक्टर मास्क लावून उभे होते, हातात आरसा. "खिडकीतून पाय दिसले," ते म्हणाले. "हे पाय मी ओळखतो. काय झालं?"

मी सांगितलं. पिन राहिली, नट आवळला नव्हता, दोन आटे उरले होते. सगळं सांगितलं, आणि शेवटपर्यंत त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"म्हणजे उतरताना..."

"हो."

ते पायरीवर बसले. आतून एका आजींचा बोबडा आवाज आला, "डॉत्तर, माझं तोंड बधिल झालं हो..."

"आलो, आजी." ते उठले. "वीस मिनिटं लागतील. जाऊ नका."

ती वीस मिनिटं घाटापेक्षा लांब होती. तिथे जीव जाण्याची भीती होती, इथे... काय जाईल ते मला नीट सांगताही येत नव्हतं. सकाळपर्यंत ते माझं होतं की नाही, हेही माहीत नव्हतं.

आजी गाल धरून गेल्या. डॉक्टर बाहेर आले तेव्हा मास्क नव्हता. आवाज चढलेला नव्हता, पण थट्टाही नव्हती त्यात.

"मी घाबरलोय," ते म्हणाले. "आत दात काढताना पहिल्यांदा हात थांबवावा लागला मला. खोटं कशाला सांगू."

"चूक माझी आहे. यापुढे दुसरं गॅरेज बघा. मी एक चांगलं सांगते—"

"ते नंतर. आधी कारण सांगा. मामा नेहमी सांगतात, बारा वर्षांत तुमची एक पिन राहिली नाही. मग आज कशामुळे राहिली?"

मी जॅकच्या दांड्याकडे बघत होते. दाढ लपवली होती तशी हीही गोष्ट लपवता आली असती.

"तुम्ही शेजारी बसला होता म्हणून," मी म्हटलं.

त्यांनी गाडीच्या टपावर हात टेकला.

"टॉर्च होता तुमच्या हातात. उजेड भलतीकडे... आणि माझं लक्षही भलतीकडे. तो रुमाल... मला वाटलं पाना लावला मी. लावला नव्हता. एवढंच कारण आहे. दुसरं कुठलं असतं तर बरं झालं असतं."

धुकं अंगणात शिरलं होतं. मी डावा हात अर्धा वर केला, उगाच, गालावरचं ग्रीस पुसायला.

"थांबलो," ते हलकेच म्हणाले. मग थोडं थांबून, "मीसुद्धा तीन आठवडे बारीकसारीक दुखण्यांचं निमित्त करून येतोय तुमच्याकडे. त्या बॅटरीची बुरशी मला घरीही धुता आली असती."

"मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"भीती वाटली. तुम्ही यायचं बंद केलं असतं तर..."

ते हसले नाहीत. वाकून त्यांनी जमिनीवरचा पाना उचलला आणि माझ्या हातात दिला. या वेळी बोटं लागू नयेत म्हणून टोकाला धरून दिला.

"मी त्या भिंतीपाशी जाऊन उभा राहतो," ते म्हणाले. "तोंड पलीकडे करून. काम पुरतं होईपर्यंत वळणार नाही. झालं की हाक मारा."

ते खरंच गेले. अंगणाच्या टोकाला, धुक्यात, पाठ करून उभे राहिले.

मी गाडीखाली गेले. नट आवळला. पाना काढून पुन्हा लावला, पुन्हा आवळला. पिन घातली, टोकं वाकवली, बोटानं ओढून पाहिली. दुसऱ्या चाकाचीही तपासली. मग डोळे मिटून एकदा, उघडून एकदा. बाहेर आले, हात पुसले. 

हाक मारायची होती. "डॉक्टर" म्हणायला तोंड उघडलं. रोज शंभरदा म्हणते तो शब्द. तो आला नाही.

"अहो—"

ते वळले. भिंतीपासून गाडीपर्यंत चालत आले, अगदी सावकाश, घाटातल्यासारखे.

"काय म्हणालात?"

"पिन बसली म्हटलं."

"त्याच्या आधी."