कडी बाहेरून होती

एक्स-रे काढताना खोलीचं दार बंद ठेवावं लागतं. आमच्या दाराला आतून शिशाचा पत्रा आहे. दार इतकं जड की नवा माणूस ते दोन्ही हातांनी ओढतो. मी ते पूर्ण बंद करत नसे. बोटभर फट ठेवायची. बाहेर बाकावर माणसं बसलेली असतात, म्हणजे हा सरळसरळ गुन्हाच. मला ते कळत होतं, पण कळून उपयोग नव्हता.

घरीही तीच तऱ्हा. आंघोळ दार उघडं ठेवून. नवरा पाठ करून बाहेर उभा राहायचा आणि म्हणायचा, "राणीसरकार, पहारेकऱ्याचा पगार कधी वाढणार?" हसून विषय संपायचा. लिफ्टमध्ये मी कधी पाऊल ठेवलं नाही.

एक दिवस विभागप्रमुखांनी ती फट पाहिली. "बाई, तुमचं काम चोख आहे म्हणून एकदाच सांगतो. पुन्हा हे दार उघडं दिसलं तर तुम्ही इथं नसाल."

त्याच आठवड्यात मी समुपदेशक बाईंकडे गेले. त्यांची खोली सायकलच्या दुकानाच्या वर होती. दोन खुर्च्या, एक खिडकी, भिंती पांढऱ्या. बाई माझ्याहून वयानं बऱ्याच मोठ्या, सतत खोकल्याची गोळी चघळणाऱ्या.

"दार उघडं ठेवायचं तर खुशाल ठेवा," त्या म्हणाल्या. "फक्त खालचा सायकलवाला शीळ घालतो, तीही बेसूर. ती सोसावी लागेल."

बऱ्याच भेटींनंतर मी त्यांना जिन्याखालच्या खोलीबद्दल सांगितलं. खोली कसली, अडगळ ठेवायची बिळासारखी जागा. बाबांचं डोकं फिरलं की ते मला त्यात घालून बाहेरून कडी लावायचे. आई दिवसभर कामावर. आत जुन्या गोणपाटाचा वास, खाली गार फरशी, आणि डोक्यावर जिन्यावरून जाणाऱ्या पावलांचा आवाज. मी दार वाजवायचे. शेवटच्या वेळी किती वाजवलं ते आठवत नाही. कोणीतरी कडी काढली. कोणी, तेही आठवत नाही. त्यानंतर बाबांनी मला कधीच कोंडलं नाही. का, ते मला कळलं नाही आणि विचारायची छाती झाली नाही. आता बाबाही नाहीत.

"त्या मुलीसाठी कोणीतरी जायला हवं," बाई म्हणाल्या. "तुम्हीच जा. डोळे मिटा. आज आहात तशा, मोठ्या वयाच्या, त्या घरात जा आणि कडी काढा."

पहिल्यांदा मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच पोचले आणि घामाघूम होऊन डोळे उघडले. पुढच्या वेळी जिना दिसला. मग कडी दिसली, मधोमध गंजलेली. बाई कधी घाई करत नसत.

ज्या दिवशी जमलं, त्या दिवशी मी कामावरून तशीच, कामाच्या कपड्यांतच बाईंकडे गेले होते. डोळे मिटले आणि मी जिन्यापाशी होते. आतून दार वाजत होतं. मी कडी ओढली. मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी तिचा हात धरला. हात चिकट होता, रडून नाक पुसलेला. तिला अंगणात उन्हात नेलं.

खिडकीबाहेर सायकलवाला शीळ घालत होता. मी डोळे पुसले आणि बाईंच्या खोलीचं दार आपल्या हातानं लावून बाहेर पडले.

त्यानंतर मी बरी झाले. दुसरा शब्द नाही. शिशाचं दार मी ओढलं, ते धप्पकन बसलं आणि छातीत काही झालं नाही. घरी न्हाणीघराला आतून कडी लावून मी गाणं म्हटलं. नवरा बाहेरून म्हणाला, "माझी नोकरी गेली वाटतं!" आवाज मात्र त्याचा ओला होता.

मग दादा आला. माझा मोठा भाऊ. कित्येक वर्षांत तो माझ्या घरी आला नव्हता. फोनवर बोलायचा, पण भेटायचं म्हटलं की काहीतरी निमित्त काढायचा. या वेळी कामासाठी गावात होता. नवऱ्यानंच त्याला पकडून आणलं आणि आम्हाला बोलू द्यावं म्हणून स्वतः दूध आणायला गेला.

दादाला मी सगळं सांगितलं. कडी, मुलगी, अंगण. सांगताना मला आनंद होत होता. त्यानं कप खाली ठेवला.

"तुला शेवटचं कोंडलं त्या दिवशी मी जिन्यावर बसलो होतो," तो म्हणाला. "वरच्या पायरीवर. बाबा झोपले होते. तू दार वाजवत होतीस आणि मी कानात बोटं घालून बसलो होतो."

"मग तू काढलीस कडी?"

"मी नाही. एक बाई आली. स्वयंपाकघरातून. पुढचं दार बंद होतं, ती कुठून आली देव जाणे. निळा डगला, छातीवर चौकोनी बिल्ला, त्यावर नाव नाही."

तो बिल्ला अंगावर पडलेले किरण मोजण्याचा. कामावर आम्हाला तो लावावाच लागतो. दादानं मला कामाच्या कपड्यांत कधी पाहिलेलं नाही.

"तिनं वर पाहिलं. मी चेहरा नीट पाहिला. इथं, कपाळापाशी, केसांची पांढरी बट." त्यानं माझ्याकडे बोट केलं आणि लगेच मागे घेतलं. "तुझी ती बट पांढरी व्हायला लागली तेव्हापासून मी येणं बंद केलं. रागावू नकोस. मला बघवत नव्हतं."

मी ती बट कानामागे सारली.

"तिनं तुला अंगणात नेऊन बसवलं," तो म्हणाला. "आणि ती परत आली."

"कुठं?"

"जिन्याखाली. आत वाकून शिरली. आतून दार ओढून घेतलं. बाहेरची कडी आपोआप पडली. मी पळालो."

"दादा, मी तसं काही केलं नाही. मी तिला बाहेर नेलं. तिथंच संपलं."

"संध्याकाळपासून पुन्हा दार वाजायला लागलं. तू अंगणात माझ्याशेजारी बसली होतीस आणि आतून दार वाजत होतं. बाबांनी उघडून पाहिलं. आत कोणी नव्हतं. लावलं की पुन्हा वाजायचं. मोठ्या माणसाच्या हातानं वाजवल्यासारखं. म्हणून त्यांनी तुला पुन्हा हात लावला नाही. त्या घरात होतो तोवर ते ऐकू यायचं."

"मला कधीच ऐकू आलं नाही."

"हो," दादा म्हणाला. "तुला एकटीलाच."

दुसऱ्या दिवशी मी सायकलच्या दुकानावरचा जिना धावत चढले. समुपदेशक बाईंना दादाचं काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, "त्या दिवशी अंगणात गेल्यावर पुढे काय झालं? माझ्या तोंडून काही निघालं का?"

त्यांनी गोळी गालात सरकवली. "तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग मी डोळे उघडायला सांगितलं. तुम्ही उघडलेत. खोलीभर पाहिलंत. माझ्याकडे पाहिलंत, जसं काही पहिल्यांदाच. होतं असं कधीकधी, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही."

"मी काय म्हणाले?"

"आवाज अगदी बारीक होता," बाई म्हणाल्या. "तुम्ही विचारलंत, 'त्या काकू बाहेर नाही आल्या?'"