मध्यंतरानंतरचा पिक्चर

मोबाइल पालथे घाला आधी. ए रुद्र, तुझापण. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच खिदळलात तर मी उठून जाईन. ही गोष्ट माझ्या साडूच्या पोराची आहे, कुरुंद्याच्या विजयकुमारची. घडलेली आहे.

विजू मोबाइलवर पिक्चरचं परीक्षण करायचा. भुताचे पिक्चर, विनोदी पिक्चर, सगळ्यांची सालटी काढायचा. हजारो पोरं ऐकून टाळ्या पिटायची, तुमच्यासारखीच रिकामटेकडी. पण गडी एक लबाडी करायचा. पहिल्या दिवशी हिंगोलीच्या टॉकीजात जायचा, मध्यंतराला बाहेर पडायचा आणि बाकीचे बाहेर यायच्या आत व्हिडिओ टाकून मोकळा. पुढचं सगळं ठोकून द्यायचा. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

गोरेगावच्या वैजनाथनं एक पिक्चर केला होता. सगळी गावातलीच माणसं, आईच्या कामाला त्याची सख्खी आई, आशाबाई. विजूनं अर्धाच पाहिला आणि सांगितलं, "शेवट तर निव्वळ कचरा, जाऊ नका." दुसऱ्या दिवशी टॉकीज रिकामी, तिसऱ्या दिवशी पिक्चर उतरला. वैजनाथ भांडला नाही. "एकदा शेवट तरी पाहा म्हणतो त्याला," असं आईला सांगून संध्याकाळी मोटारसायकलवर कुरुंद्याला निघाला. औंढ्याच्या पुढं अंधारात उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही. पोरगं जागीच गेलं. विजूला ते कळलं, आणि त्यानं पुढचा व्हिडिओ टाकला. मला आजही त्याचा संताप येतो.

आता ऐका. यंदाची पौष अमावस्या, रविवार. विजू असाच एक नवा पिक्चर अर्ध्यात टाकून घरी निघाला. साडेअकराच्या सुमारास औंढा मागं पडलं. थंडी मरणाची. त्यानं रस्त्याकडेला गाडी लावली, मोबाइलचा उजेड तोंडावर घेतला आणि न पाहिलेल्या शेवटाची टर उडवायला लागला.

"शेवट पाह्यला का तुमी?"

उजेडाच्या पलीकडं कोणीतरी उभं होतं. विजूला वाटलं, असेल एखादा ओळखणारा.

"पाह्यला ना. काहून?"

"मंग माह्या पिक्चरचा सांगा."

"तुझा कोणता पिक्चर?"

विजूनं आजूबाजूला पाहिलं. त्याला जागा ओळखू आली... उसाची ट्रॉली इथंच उभी होती.

"सांगा ना. समद्या जिल्ह्याला सांगितला. मला सांगा."

"शेवटी... शेवटी ते भूत..."

"भूत न्हाईच त्याच्यात."

रस्त्यावर गाडी नाही. कुत्रं नाही. विजूनं किक मारली. परत मारली. गाडी सुरू होईना.

"तुमच्याच घरी यायला निघालो व्हतो मी. पाहा म्हणायला."

"चुकलं भाऊ... चुकलं..."

"बसा खाली. आता पाहा."

विजू बसला...

काय रे रुद्र? पुढं काय? पुढचं त्याला आठवत नाही. गप बस.

पहाटे दूधवाल्याला तो तिथंच बसलेला सापडला. हात जोडलेले, आवाज बसलेला. मोबाइल समोर मातीत. त्यात लांबलचक व्हिडिओ. विजू रडत रडत वैजनाथच्या पिक्चरमधला एकेक प्रसंग सांगतोय, मध्यंतरानंतरचा. शेवटी हरवलेलं पोरगं घरी येतं. आई दार उघडं ठेवून बसलेली असते.

मी तो व्हिडिओ घेऊन गोरेगावला आशाबाईकडे गेलो. तिनं सगळा पाहिला.

"बराबर हाय," ती म्हणाली. "असाच व्हता शेवट."

मग मी तिला दाखवलं. विजूचे दोन्ही हात सगळा वेळ जोडलेले दिसतात. मोबाइल मात्र हलतो. हळूहळू त्याच्या तोंडाजवळ येतो, परत मागं जातो...

आशाबाईनं चित्र पाहणं सोडलं. मोबाइल कानाला लावला. मग माझ्या हातात दिला. मीही ऐकला. विजूचा आवाज लांब होता. अगदी जवळ कोणीतरी श्वास घेत होतं... दाटलेला... आत शिट्टी वाजल्यासारखा...

"थंडीत असंच व्हते लेकराला," आशाबाई म्हणाली. "लहानपणापासून दमा हाय त्याला."