समोर दिसणारं केंद्र

लस फुकट होती. धरणाच्या पाण्यापलीकडचं लसीकरण केंद्र अंबेखोल गावातून नुसत्या डोळ्यांनी दिसायचं. तरीही अंबेखोलमधल्या एकाही बाळाला लस मिळाली नव्हती. असं का बरं झालं असेल?

हे कोडं सोडवायला आरोग्य खात्याचा यंत्रमानव पाण्यावरून भुर्रकन उडत आला. त्याचं नाव मापाड्या. आल्या आल्या समोर दिसलेल्या शलाकाला त्याने सांगून टाकलं, "हवाई अंतर (दोन ठिकाणांमधली सरळ रेषा) जेमतेम तीन किलोमीटर. मी पाच मिनिटांत आलो. म्हणजे तुम्हाला लस घ्यायची इच्छाच नाही. संध्याकाळी तसा शेरा पाठवतो. तुमच्या वाट्याची लस दुसरीकडे जाईल."

तापाची साथ पलीकडच्या पेठेत पोहोचली होती आणि शलाकाचा भाऊ शंभू तर अजून रांगतही नव्हता. तिला रागच आला.

"इच्छा नाही कशी? आई शंभूला घेऊन तिकडेच निघालीये. तूही चल. पण उडायचं नाही हं, चालायचं!"

"लाँच आहे ना तुमच्याकडे?"

"ती फक्त बाजारच्या दिवशी," आई शंभूला कडेवर घेत म्हणाली, "आणि त्या दिवशी तुमच्या केंद्राला सुट्टी."

पाण्याला वळसा घालत ते डोंगर चढू लागले. उडायची सवय लागलेला मापाड्या दगडादगडाला अडखळत होता. शंभूला त्याची भारी गंमत वाटली. खिंडीतल्या एसटी थांब्यावर पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं आणि गाडी तर निघून गेलेली. पुढची चार वाजता, म्हणजे केंद्र बंद व्हायच्या वेळेला. आई दगडावर टेकली. तिची ही तिसरी खेप होती.

मापाड्याने निघाल्यापासूनचा सगळा वेळ मोजला.

"मी चुकीचं माप लावलं," तो म्हणाला. त्याने जमिनीवर प्रकाशाचा नकाशा उमटवला. मधोमध केंद्र, भोवती गावं. "आता किलोमीटर नकोत. वेळनकाशा करू (पोहोचायला जितका जास्त वेळ, तितकं गाव लांब)."

ठिपके सरकू लागले. हमरस्त्यावरची गावं केंद्राला येऊन बिलगली. अंबेखोल मात्र घसरत घसरत थांब्यामागच्या करवंदीच्या जाळीत गेलं.

"बघ, कुठे जाऊन पडलो आम्ही!" शलाका म्हणाली.

"अंतर सारखं असलं म्हणून सोय सारखी होत नाही," मापाड्या म्हणाला. "शेरा रद्द. उद्या खास लाँच सोडायला सांगतो. केंद्रच तुमच्याकडे येईल."

दुसऱ्या दिवशी नर्सबाई शीतपेटी (लस थंड ठेवणारा डबा) घेऊन लाँचमधून उतरल्या. सुई टोचताच शंभूने गाव डोक्यावर घेतलं. आईला हसूही येत होतं आणि रडूही.

शलाकाने मापाड्याला अंगणात पुन्हा नकाशा उमटवायला लावला. अंबेखोल आता केंद्राच्या अगदी शेजारी आलं होतं. पण दूर, अंगणाच्या कुंपणापलीकडे, आणखी कितीतरी ठिपके लुकलुकत होते.

"ते कोण?"

"तशीच गावं," मापाड्या ओशाळून म्हणाला. "इच्छा नाही, असा शेरा मी त्यांच्याबद्दल कधीच पाठवून दिलाय."

"मग इथे उभा काय राहिलायस? जा ना!"

नर्सबाईंनी शीतपेटीचं झाकण घट्ट लावलं आणि लाँचवाल्याला पाण्याकाठच्या पुढच्या गावाचं नाव सांगितलं.