चार चेहऱ्यांचा गठ्ठा

"उद्या शुक्रवारी अहवाल गेला, की परवा धरणावर. शब्द दिला," असं मावशीने सकाळी निघताना सांगितलं होतं. पण तिच्या कार्यालयात पाऊल टाकल्यावर तिघांची तोंडं उतरली. टेबलावर कागद, टेबलाखाली कागद, खिडकीच्या कट्ट्यावर कागद. मावशीचंही त्या कागदांमागून जेमतेम कपाळ दिसत होतं.

"हे उद्यापर्यंत होणार?" भोंग्याने विचारलं.

भोंगा म्हणजे मावशीचा मुलगा. वय तेरा. तो कुजबुजला तरी खालच्या मजल्यावरचा माणूस मान वर करून बघे.

"हळू रे. शेजारी माणसं काम करतायत," मावशी म्हणाली. "आकडे सगळे झालेत. आता फक्त हे अकराशे कागद अनुक्रमाने लावून पेटीफायलींत भरायचे आहेत."

"मग आम्ही भरतो की," टिटवी म्हणाली.

टिटवी बारा वर्षांची. धाकट्या भावाला घेऊन ती सुट्टीत मावशीकडे आली होती. नको तेव्हा नको ते विचारते म्हणून घरी तिला हे नाव पडलेलं. भाऊ आठ वर्षांचा. बहीण जाईल तिथे तिच्या मागे, म्हणून तो शेपूट.

मावशीने क्षणभर विचार केला. "हात धुऊन या. आणि एक लक्षात ठेवा. या कागदांवर मुलांची नावं नाहीत, नुसते क्रमांक आहेत. कोणी काय लिहिलंय यावर चर्चा करायची नाही, हसायचं तर मुळीच नाही."

ती संशोधक होती. साथीच्या काळात शाळा बंद पडल्या, तेव्हा कोणत्या मुलाचं शिकणं चालू राहिलं, कोणाचं थांबलं आणि मुलांच्या मनाचं काय झालं, हे ती दोन वर्षं शोधत होती. चार शाळांतल्या मुलांनी तिची प्रश्नावली भरली होती. उद्या समिती तिचा अहवाल वाचणार होती आणि चारपैकी एका शाळेला एक समुपदेशक ताई देणार होती. रोज शाळेत बसणाऱ्या, मुलांचं ऐकून घेणाऱ्या. ताई एकच होत्या, शाळा चार.

"म्हणजे सगळ्यांत जास्त रडलेल्या शाळेला," शेपूट म्हणाला.

"साधारण तसंच," मावशी म्हणाली.

टिटवीच्या वाट्याला कालव्यापलीकडच्या शाळेचा गठ्ठा आला. एकशे चौऱ्याऐंशी कागद. वाचायचं नाही म्हटलं तरी नजर थोडीच थांबते? 'फोन कोणाकडे असायचा?' या प्रश्नापुढे कोणी लिहिलं होतं, 'बाबांबरोबर कामावर जायचा.' कोणी लिहिलं होतं, 'दादाचा तास संपला की माझा, पण तोवर माझा तास संपायचा.' एकाने एकच शब्द लिहिला होता, 'नव्हता.'

टिटवीला आपली खोली आठवली. दार लावून घ्यायचं, पडद्यावर बाई यायच्या, आणि ती खाली चित्रं काढत कंटाळायची. आपण कंटाळलो होतो, एवढंच तिला आठवलं, आणि तिला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

"माझी पहिली पण फोनवरच झाली," शेपूट म्हणाला. "बाई फक्त गळ्यापर्यंत दिसायच्या. त्यांना पाय आहेत हे मला दुसरीत कळलं."

भोंगा एवढ्या जोरात हसला, की पलीकडच्या खोलीतून कोणीतरी दार लावून घेतलं.

शेवटच्या प्रश्नापुढे चेहऱ्यांची ओळ होती. 'शाळा बंद होती तेव्हा बहुतेक दिवस तुला कसं वाटायचं? त्या चेहऱ्याभोवती गोल कर.' टिटवी कागद उलटत होती आणि एका कागदावर थांबली. छापलेल्या चेहऱ्यांपलीकडे, अगदी कडेला, कोणीतरी पेन्सिलने आणखी एक चेहरा काढला होता. जेमतेम बोटभर जागेत. गालांवर थेंब होते. आणि त्याच चेहऱ्याभोवती दोनदा गिरवून गोल केला होता. वरती लाल शाईचा शिक्का होता: रद्द.

"मावशी, हा रद्द का?"

"कागद संगणकात भरणारे ऑपरेटरकाका करतात. चौकटीबाहेर काही असलं की संगणक ते घेत नाही." मावशीने मान वर केली नाही. मग काहीतरी आठवून तिने अहवालाचं पान उलटलं. "खरं सांगू? त्या शाळेचं मला कोडंच आहे. रडका चेहरा बाकी शाळांत एकतीस जणांनी निवडला, बावीस जणांनी, सतरा जणांनी. तिथे एकानेही नाही. फोन नाहीत, घरं एका खोलीची, कित्येकांचे आईवडील कामावरून काढलेले, आणि एकही नाही. आमचे विभागप्रमुख सर म्हणतात, हलाखीत वाढलेली मुलं कणखर असतात."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं हे अहवालात लिहीत नाहीत, टिटवे. आकडे लिहितात."

तिचा आवाज मात्र थकलेला होता.

टिटवीने गठ्ठा पेटीफायलीत ठेवला, झाकण लावलं आणि पेटी उचलली. आत कागद खडखडले. भोंग्याने त्याची पेटी उचलली, ती गप्प. दुसरी उचलली, तीही गप्प.

"तुझ्यात कागद कमी आहेत," भोंगा म्हणाला.

"जाडीला कमी नाहीत. लांबीला कमी आहेत," टिटवी म्हणाली. तिने आपला एक कागद काढून भोंग्याच्या कागदावर ठेवला. डावी कड जुळवली. उजवीकडे भोंग्याचा कागद चांगला तीन बोटं बाहेर आला.

शेपूट टेबलावर हनुवटी टेकून बघत होता. त्याने बोटाने मोजलं. "इकडे पाच तोंडं. इकडे चारच."

टिटवीने एकेका चेहऱ्यावर बोट ठेवलं. खूप हसरा, हसरा, ना हसरा ना रडका, उदास. इथे टिटवीचा कागद संपत होता. पाचवा, रडणारा चेहरा त्या बाहेर आलेल्या तीन बोटांत होता.

"मावशी," टिटवी म्हणाली, "त्यांनी रडका निवडला नाही असं नाहीये. त्यांना तो मिळालाच नाही."

मावशी उठून आली. एक कागद बघितला, दहा बघितले, सगळा गठ्ठा चाळला. मग ती खुर्चीवर बसली आणि तिने दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकला. भोंगा घाबरून चक्क हळू आवाजात म्हणाला, "आई?"

"मी आकडे बघितले," मावशी म्हणाली. "कागद बघितले नाहीत. शितावरून भाताची परीक्षा करणारी मी, आणि शीतच बघितलं नाही."

कालव्यापलीकडे प्रश्नावली भरून घेतली त्या दिवशी ती दुसऱ्या शाळेत होती. या शाळेचे कागद परस्पर ऑपरेटरकाकांकडे गेले होते. पण ते आखूड झाले कसे?

"कार्यालयाचे झेरॉक्स कुठे काढतात?" टिटवीने विचारलं.

"कोपऱ्यावर. पण रस्ता बघून ओलांडा, शेपटाचा हात धरा, आणि—"

तिघं जिन्यात पोचले होते.

झेरॉक्सच्या दुकानातल्या काकूंना सगळं नीट आठवत होतं. "हो तर. छापलेले कागद तीन शाळांना पुरले, चौथीला उरले नाहीत. तुमचा कारकून आला. मी म्हटलं, लांब कागद संपलाय, उद्या येईल. साध्यावर काढला तर कड कापली जाईल. त्याने फोन लावला. तिकडून साहेब म्हणाले, कालव्यापलीकडचीच शाळा आहे ना, चालतंय." काकूंनी मशीनवर फडकं फिरवलं. "माझं काय, सांगतील तसं काढून दिलं. पण ते 'चालतंय' माझ्या कानात राहिलं बाई."

परत येऊन मावशीला सगळं सांगितल्यावर भोंगा म्हणाला, "तो चेहरा काढणारा मुलगा शोधू या. अक्षर जुळवायचं. मी वर्गावर्गात—"

"मुळीच नाही," मावशीने ऐकताक्षणी सांगितलं. "नाव कळणार नाही असं मी त्यांना वचन दिलं होतं. म्हणून तर त्याने खरं काढलं. उद्या तुम्ही दारात जाऊन उभे राहिलात, तर तो पुन्हा कधी कोणाला खरं सांगेल?"

टिटवीने मावशीकडे बघितलं. इतक्या संकटातही हिला आधी त्या न बघितलेल्या मुलाची काळजी होती. "मग आपण काय करायचं?"

"त्याच्यासाठी जे करायचं ते सगळ्यांसाठी करायचं. सगळ्यांना पुन्हा विचारायचं. पण त्याला सरांची परवानगी हवी."

विभागप्रमुख सर भल्यामोठ्या काचेच्या टेबलामागे चहा पीत होते. मावशीने सगळं सांगितलं. त्यांनी चमचा ढवळला.

"एक चेहरा गेला, एवढंच ना? त्यांनी चौथा निवडला असेल. तोही उदासच आहे."

"चौथा उदास आहे सर. पाचवा रडतोय. ताई कोणाला द्यायच्या, ते त्या एका चेहऱ्यावर ठरणार आहे."

"समिती उद्या बसतेय. तळटीप टाका आणि द्या पाठवून. ती मुलं कणखर आहेत हो. आणि तुम्ही पोरांचं ऐकून अहवाल थांबवणार?"

टिटवी पुढे झाली आणि तिने एक कोरी आखूड प्रश्नावली काचेवर ठेवली.

"सर, हा कागद भरता येतो की नाही, तेवढं तुम्ही भरून सांगाल? आम्हाला काय कळतंय."

आपल्याला विचारलं हे सरांना आवडलं. त्यांनी पेन काढलं. "विचार."

"समजा, उद्या अहवाल आलाच नाही. समितीची सगळी माणसं बसली आहेत, आणि तुम्ही एकटे रिकाम्या हाताने समोर उभे आहात. तुम्हाला कसं वाटेल? त्या चेहऱ्याला गोल करा."

सरांचं पेन पहिल्या चेहऱ्यावरून सरकलं, दुसऱ्यावरून, तिसऱ्यावरून. चौथ्यावर थांबलं. "छे, हा नाही. याहून वाईट," ते पुटपुटले. पेन आणखी उजवीकडे गेलं आणि काचेवर टेकलं.



"सर, तुम्ही रद्द," शेपूट म्हणाला.

मावशीने त्याला मागे ओढलं, पण बाण सुटला होता. सर काचेवर टेकलेल्या पेनाकडे बघत राहिले. चहावर साय धरली. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"झेरॉक्सचा फोन मीच घेतला होता," ते म्हणाले. "किती दिवस हवेत?"

"सोमवारपर्यंत."

"समितीला मी थांबवतो. पण शाळेला सुट्टी आहे. मुलं कुठून आणणार?"

"सुट्टीत मुलं कुठे असतात ते आम्हाला विचारा," भोंगा म्हणाला, आणि सरांनी दचकून कप सावरला.

शनिवारी धरणावर जायचं होतं, हे कोणी बोललंही नाही. सकाळी सातला तिघं कालव्याच्या पुलावर होते. मुख्याध्यापिकाबाईंनी पालकांना निरोप धाडले होतेच; पण निरोप वेगळा आणि भोंगा वेगळा. "शाळेत या, माझ्या आईची चूक झालीय, ती माफी मागणार आहे," अशी आरोळी त्याने गल्लीगल्लीत ठोकली. मोठं माणूस माफी मागणार म्हटल्यावर कोण घरी बसेल? खेळ अर्धे टाकून पोरं आली, पाण्याच्या रांगेतून आली, कडेवर धाकटी भावंडं घेऊन आली. एकशे चौऱ्याऐंशीपैकी एकशे एकाहत्तर.

मावशीने खरंच माफी मागितली. "मागच्या वेळी आमच्या कागदावर एक चेहरा कमी होता. तो आम्ही कापला. तुमची काही चूक नव्हती. आज सगळे आहेत." मग तिने मुलांना एक सोडून एक असं बाकावर बसवलं, लांब कागद वाटले, आणि कागद टाकायला फट असलेली बंद पेटी ठेवली. टिटवीने पेन्सिली टोकदार करून दिल्या आणि तिघं बाहेर व्हरांड्यात आले. धाकटी भावंडं शेपटाच्या स्वाधीन झाली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यामागे शेपूट लागलं होतं, आणि तेही अकरा जणांचं.

आकडे रविवारी रात्रीपर्यंत तयार झाले. एकशे एकाहत्तरपैकी अठ्ठावन्न मुलांनी पाचव्या चेहऱ्याला गोल केला होता. चारही शाळांत सर्वांत जास्त.

सोमवारी मावशीने अहवालात एक पान वाढवलं. त्याचं शीर्षक होतं 'आमची चूक'. तिघंही मावशीबरोबर समितीपुढे बसले होते. समितीतल्या एका आजींनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं अहवाल वाचतेय. असं पान पहिल्यांदाच बघितलं." तेव्हा सर उठून उभे राहिले. "चूक माझी होती," ते म्हणाले. "ती या तिघांनी पकडली, आणि माझ्याच हातून मला दाखवली. आमच्या विभागात अशी माणसं हवीत." टिटवीचे कान लाल झाले. भोंग्याला बोलायला शब्द सापडेना, हेही त्या दिवशीचं नवलच.

ताई कालव्यापलीकडच्या शाळेला मिळाल्या.

"ताई दिल्या, त्यांना शाळेत खोलीही दिली," बाहेर आल्यावर सर म्हणाले, "पण मुलं आपणहून येतील का?" मावशीलाही तीच धाकधूक होती.

सुट्टी संपायला दोन दिवस असताना ती खोली उघडली. नव्या रंगाचा वास, दोन खुर्च्या, एक चटई, आणि आत बसलेल्या ताई. तिघं मावशीबरोबर फाटकाशी उभे होते. आवारात पंधरावीस मुलं होती. कोणी भिंतीला टेकलेलं, कोणी उगाच बुटाची नाडी बांधणारं. खोलीकडे कोणी जाईना. दहा मिनिटं गेली.

"आपण आहोत म्हणून," मावशी एकदम म्हणाली. "पाठ फिरवा."

चौघांनी पाठ फिरवली. समोर कालवा होता, पाण्यावर एक काटकी वाहत चालली होती. टिटवीला मागे वळून बघायची इतकी इच्छा झाली, की तिने फाटकाचा गज धरून ठेवला. मागे कोणाची तरी पावलं वाजली. थांबली. पुन्हा वाजली. मग दाराची बिजागरी करकरली, आणि दार हलकेच लागलं.

थोड्या वेळाने आणखी पावलं आली, या वेळी दोघांची, आणि ती खोलीबाहेरच्या बाकापाशी थांबली.

"मावशी, मोजू?" शेपटाने कुजबुजत विचारलं.

"नको," दोन वर्षं सगळं मोजत आलेली मावशी म्हणाली. "येऊ दे त्यांना."