सातव्या महिन्याची नळी

प्रयोगशाळेच्या बाई मशीनवरचा आकडा पुन्हा पुन्हा वाचत होत्या. निरोगी गरोदरपणात रक्तातलं इस्ट्रोजेन बाळंतपणापर्यंत चढतच जातं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. सातव्या महिन्याच्या या नळीत मात्र ते तळाला गेलं होतं.

त्यांनी पुन्हा तपासलं. आकडा तोच. लेबल एका शिंपिणीचं होतं. गेल्या महिन्यापर्यंत तिचा आलेख शहाण्यासारखा चढत होता. बाळाच्या जिवाशी गाठ असेल तर वेळ दवडून चालणार नव्हतं. बाईंनी फोन लावला.

"रिपोर्ट ठीक नाही. बाळ हलतंय ना?"

शिंपिणीने उलट विचारलं, "म्हणजे तुम्ही घरी येणार?"

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. बाळाचं काय, हे विचारायचं सोडून ही पाहुण्यांची चौकशी करत होती.

त्यांनी आलेख काढले. शिंपिणीच्या वरच्या मजल्यावरची शिक्षिकाही गरोदर बायकांचं रक्त दर महिन्याला तपासणाऱ्या याच अभ्यासात होती. ती एक महिना पुढे होती, तरी पाचव्या महिन्यापासून दोघींचे आकडे जवळपास सारखे. शेजारणींचं भारीच गूळपीठ, असं म्हणून बाई तेव्हा हसल्या होत्या. शिक्षिका मागच्याच आठवड्यात जरा लवकर, पण सुखरूप बाळंत झाली होती.

घरोघर जाऊन रक्त घेणाऱ्या नर्सताईंना बाईंनी सोबत घेतलं. एरवी अखंड बोलणाऱ्या ताई वाटभर नळ्यांची पेटी पुन्हा पुन्हा उघडून लावत होत्या.

शिंपिणीची एकच खोली होती. मशीन, लोकांचे कपडे, दोन खुर्च्या. एकीवर नवी कोरी उशी होती आणि ताई सवयीने तिथेच जाऊन बसल्या. बाईंनी सगळीकडे पाहिलं. शिवणकामाच्या घरात सातव्या महिन्यात एकही झबलं दिसत नव्हतं.

"ही नळी चुकीची आहे असं मी धरून चालले होते," बाई म्हणाल्या. "चुकीच्या आहेत त्या पाचव्या-सहाव्या महिन्याच्या. शिक्षिकेच्या एका हातातून दोन नळ्या भरल्या जायच्या. ती बाळंत झाली आणि सोय संपली. त्यांच्यानंतरची ही नळी मात्र खरी तुमची. ताई, हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार?"

ताईंनी मान खाली घातली. "वरच्या मजल्यावरच्या बाईंना वाटायचं, दोन नळ्या लागतात. हिचं चौथ्यातच गेलं हो. अभ्यासातून नाव कापू नका म्हणून रडली. बाकी घरी लोक हात पुढे करतात, इथे खुर्ची पुढे येते. मलाही मोह झाला."

"या वेळी मीच म्हटलं, माझंच घ्या," शिंपीण म्हणाली. "कुणाला तरी कळू दे. नवरा बोटीवर. हे सांगितल्यापासून फोनवर नुसता गप्प असतो."

बाईंनी स्पष्टच सांगितलं. नाव कापावं लागेल, ताईंचं काम जाईल, वर कळवणं भाग आहे.

"म्हणजे आता कुणी यायचं नाही," शिंपीण म्हणाली.

 बाईंच्याही घरी संध्याकाळी दार उघडायला कुणी नसे, आणि हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"माझ्या ॲप्रनची बाही उसवलीय," त्या म्हणाल्या. "मंगळवारी आणू?"

शिंपिणीने बाही निरखली.

"नवाच शिवावा लागेल. माप द्यायला या, मग एकदा घालून बघायला या. आणि मी शिवायला फार वेळ लावते, बाई."